वाढपी कोण आहे, ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका छोट्या ख्रिस्ती लिबरल आर्ट्स कॉलेजात एक मराठी प्राध्यापिका सहा वर्षं शिकवताहेत. विद्यार्थी अकराशेच्या आसपास, बहुतेक गोरे आणि एकाच पंथाच्या चर्चमधून आलेले. अध्यक्षांनी त्यांना सांस्कृतिक विविधतेच्या समितीचं प्रमुख केलंय आणि वसंत सत्रात विश्वस्तांच्या बोर्डापुढे आराखडा मागितलाय. सुरुवात कुठून करू, असं त्या विचारतात. आणि "ख्रिस्तात आपण सगळे एकच, मग वंशाच्या गोष्टी कशाला?" म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना काय सांगू, असंही.

ताई, अभिनंदन नंतर करतो. आधी एक सांगा: या कामाबद्दल तुमचा एक कोर्स कमी केलाय का? लेखी? नसेल तर आराखड्याची पहिली ओळ लिहायच्या आधी प्रोव्होस्टकडे, म्हणजे कॉलेजच्या शैक्षणिक प्रमुखाकडे, जा आणि ते कागदावर आणा. मी या कामात बावीस वर्षं काढली, दोन कॉलेजांत. पहिल्या ठिकाणी आमच्यात चार जण गोरे नव्हतो. त्या चौघांचीच नावं प्रत्येक समितीवर, प्रत्येक माहितीपत्रकात, प्रत्येक पाहुण्याच्या जेवणाला. टेन्युअरची, म्हणजे कायम नेमणुकीची, वेळ आली तेव्हा त्यातल्या एकीला सांगितलं गेलं की संशोधन कमी पडतंय. कमी पडणारच होतं, वेळ कोणी खाल्ला होता? तिने ते कॉलेज सोडलं, आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात विविधतेचा आकडा एकने घसरला म्हणून सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली.

आता तुमचा प्रश्न. बोर्डाला आकडे हवे असतात आणि तुम्ही ते द्यालच, पण आकड्यांत एक खोच असते. संघीय सरकारला दरवर्षी जी आकडेवारी पाठवतात तिच्यात परदेशी विद्यार्थी वेगळ्या रकान्यात जातात, त्यांचा वंश मोजलाच जात नाही. कॉलेजं मात्र माहितीपत्रकात सगळी बेरीज एकत्र करतात. मग घानाच्या पाळकाचा मुलगा, शिकागोच्या दक्षिण भागातून आलेली कृष्णवर्णीय मुलगी आणि टेक्ससमधल्या मेक्सिकन कुटुंबातल्या तिसऱ्या पिढीचा मुलगा, तिघं एका गठ्ठ्यात. घानाच्या मुलाला व्हिसाची काळजी. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम, तेही सहसा कॅम्पसवरच. शिकागोच्या मुलीला आपल्याच देशात पाहुण्यासारखं वागवलं जातं, आणि सगळ्यात जास्त चीड तिला याची येते की घानाच्या मुलाचं कौतुक होतं आणि तिच्याकडे संशयाने बघतात. तिसऱ्याला स्पॅनिश धड येत नाही, तरी स्पॅनिश भजन म्हणायला त्यालाच उभं करतात. तिघांसाठी एकच 'बहुसांस्कृतिक केंद्र' काढून भागत नाही.

चौथा एक असतो, तो कुठल्याच रकान्यात दिसत नाही. मिशनऱ्यांची मुलं. पासपोर्ट अमेरिकन, कातडी गोरी, वाढलेली केनियात नाहीतर फिलिपिन्समध्ये. ही मुलं पहिल्या सत्रात सगळ्यात जास्त कोसळतात, कारण त्यांना परका समजून कोणी सांभाळूनही घेत नाही. त्यांना परदेशी विद्यार्थ्यांच्या ओळखवर्गात घ्या. एवढ्या साध्या बदलाने आमच्याकडे बराच फरक पडला.

(माहितीपत्रकाबद्दल एवढंच: २००० साली विस्कॉन्सिन विद्यापीठाने फुटबॉल सामन्याच्या फोटोत एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा चेहरा संगणकावर चिकटवला होता, आणि तो मुलगा त्या सामन्याला गेलाच नव्हता. तेव्हा सगळे हसले. पण पाच मुलांचे तेच पाच चेहरे चार वर्षं छापत राहणं काही फार वेगळं नाही.)

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे एक वचन आहे, 'शास्त्रात् रूढिर्बलीयसी'. शास्त्रापेक्षा रूढी जबरी. ख्रिस्ती कॉलेजातल्या विविधतेचं सगळं दुखणं या एका वचनात आहे. ही कॉलेजं स्थापन केली डच, स्वीडिश, जर्मन, स्कॉटिश लोकांनी, आपापल्या पंथाच्या मुलांसाठी. दीडशे वर्षांत त्यांची श्रद्धा आणि त्यांच्या घरच्या सवयी इतक्या मिसळून गेल्यात की त्यांनाच कळत नाही कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते. प्रार्थना हळू आवाजात करायची, भजन चार आवाजांत म्हणायचं, मतभेद असला तर तोंडावर बोलायचं नाही. यातलं कशालाच शास्त्राधार नाही. पण नवा माणूस यातलं काही मोडतो तेव्हा 'हा जरा आपल्यासारखा नाही' असं म्हणत नाहीत, 'याची श्रद्धा जरा वेगळी वाटते' असं म्हणतात. तिथून पुढे बोलणंच खुंटतं. श्रद्धा एका बाजूला, सवय दुसऱ्या बाजूला, हे निवडून देणं हे तुमचं खरं काम. तांदूळ निवडण्याइतकं कंटाळवाणं आणि तितकंच डोळे फोडणारं.

एक प्रसंग सांगतो. दुसऱ्या कॉलेजात आमच्याकडे कोरियन मुलं वाढली. कोरियन चर्चमध्ये पहाटेची प्रार्थना असते, आणि ती सगळे एकाच वेळी, मोठ्याने, आपापल्या शब्दांत करतात. आठ-दहा मुलं डॉर्मच्या तळमजल्यावर पहाटे साडेपाचला जमायला लागली. वरच्या मजल्यावरून तक्रार आली. डॉर्मची शांततेची वेळ सकाळी आठपर्यंत होती, त्यामुळे नियमाने तक्रार बरोबरच होती. बैठकीत मात्र नियमाची गोष्ट बाजूला राहिली आणि एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी बायबलमधलं पौलाचं वाक्य काढलं, की सगळं शिस्तीने आणि व्यवस्थित होऊ द्या. सगळ्यांनी एकदम ओरडायचं ही कसली प्रार्थना? मी त्यांना बायबलमधल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला चौथा अध्याय उघडायला सांगितला, तिथे सगळे मिळून उंच आवाजात देवाचा धावा करतात. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हं, पण ते तेव्हाचं."

शास्त्राचा वाद तिथेच मिटला, कारण रूढी उघडी पडली. उरला चावीचा प्रश्न. चॅपलच्या तळघरात एक खोली होती, कोणाला त्रास होणार नाही अशी. पण पहाटे साडेपाचला चॅपल उघडणार कोण? सुरक्षा विभाग म्हणे, कर्मचारी हजर हवा. मुलं म्हणाली, आम्हीच उघडतो. पाच आठवडे ईमेल फिरले. शेवटी कॉलेजच्या पाळकांनी आपल्या जबाबदारीवर एका तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीच्या हातात चावी दिली, वहीत सही घेऊन. त्या दिवसापासून ती मुलं कॉलेजची झाली. फेब्रुवारीत मी एकदा गेलो होतो, बाहेर उणे पंधरा, आत चौदा जण. त्यातले तीन गोरे आणि एक घानाचा. कोणी बोलावलं नव्हतं त्यांना.

माझ्यावरही हे बेतलंय, म्हणून राग अजून ताजा आहे. माझं घराणं नगरकडचं. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ ला सुरू झालं, नगरला १८३१ ला. आमच्या घरात पाच पिढ्या टाळ-पेटीवर ख्रिस्ती भजनं म्हटली जातात. एकदा चॅपलमध्ये मी एक भजन म्हटलं, बरोबर पेटी. नंतर एका बाईंनी फार प्रेमाने हात धरून विचारलं, "छान होतं, पण हे संगीत हिंदू नाही का?" त्या कॉलेजची स्थापना आमच्या नगरच्या मिशनच्या कितीतरी नंतरची. मी हसून वेळ मारून नेली, आणि ती वेळ मारून नेल्याचं अजून सलतं.

'ख्रिस्तात सगळे एकच' म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका, इतिहास काढा. केंटकीतल्या बेरिया कॉलेजची स्थापना १८५५ ची, गुलामगिरीविरोधी जॉन फी यांनी केलेली. ब्रीदवाक्य प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायातलं: देवाने सगळी माणसं एका रक्ताची केली. यादवी युद्धानंतर तिथे काळी आणि गोरी मुलं एकाच वर्गात बसायची, दक्षिणेत जे फारसं कोणी करत नव्हतं. १९०४ मध्ये राज्याने कायदाच केला की असं शिकवणं गुन्हा. बेरिया सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९०८ मध्ये हरलं. मग काळ्या विद्यार्थ्यांसाठी पैसा उभा करून लिंकन इन्स्टिट्यूट वेगळं काढलं, आणि १९५० मध्ये कायदा सैल झाल्यावर पुन्हा दार उघडलं.

आता गंमत बघा. त्याच सतराव्या अध्यायातल्या त्याच ओळीचा उत्तरार्ध असा आहे की देवाने राष्ट्रांच्या वस्तीच्या सीमा ठरवून दिल्या. १९६० मध्ये बॉब जोन्स विद्यापीठाच्या संस्थापकांनी रेडिओवरच्या भाषणात नेमका हा उत्तरार्ध धरून वंशभेदाचं समर्थन केलं. त्या विद्यापीठात वेगवेगळ्या वंशांच्या मुलामुलींनी एकत्र फिरायला बंदी होती. त्यापायी करसवलत गेली, १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती नाकारली, तरी बंदी उठली ती २००० साली. एकच वचन, अर्ध्यावर एक कॉलेज उभं, उरलेल्या अर्ध्यावर दुसरं. 'आपण सगळे एक' हे वाक्य कॉलेजला काहीच करायला लावत नाही. ते कोण म्हणतंय आणि म्हटल्यावर काय करतंय हे बघावं लागतं. हे दोन दाखले समितीपुढे शेजारी शेजारी ठेवा आणि गप्प बसा. मी हे तीनदा केलंय, तीनही वेळा पुढची वीस मिनिटं मला बोलावं लागलं नाही.

तुमच्या कॉलेजच्या दप्तरखान्यातही एक दुपार घालवा. इलिनॉयचं व्हीटन १८६० मध्ये गुलामगिरीविरोधकांनी काढलं, त्याचा त्यांना योग्य अभिमान आहे. तरी २०२३ मध्ये त्यांच्याच समितीने शोध घेतला तेव्हा १९२६ ते १९४० च्या काळातल्या अध्यक्षांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा प्रवेश टाळल्याचं समोर आलं, आणि ग्रंथालयावरचं त्यांचं नाव उतरवलं गेलं. सुरुवात चांगली होती म्हणजे पुढचं सगळं चांगलं असं नसतं. तुमच्याकडे काय निघेल ते तुम्हाला बोर्डाच्या आधी माहीत असलेलं बरं.

आता वाढप्याची गोष्ट. कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत भांडण होतं. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी तक्रार येते. वाटप हिब्रू बोलणाऱ्यांच्या हातात. प्रेषितांनी काय केलं? सद्भावनेचा सप्ताह नाही साजरा केला. सात जण नेमले आणि वाटप त्यांच्याकडे दिलं. सातही नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, निकानोर, तीमोन... सगळी ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार, पळी त्यांच्याच हातात. आपल्याकडे म्हणतातच, वाढणारा ओळखीचा असला की पंगतीत शेवटी बसलं तरी चालतं. माझ्या मते ख्रिस्ती कॉलेजासाठी याहून नेमका विविधतेचा धडा कुठे नाही, आणि तो त्यांच्याच पुस्तकात आहे.

याच अध्यायावरून नाव घेतलेला एक उपक्रम आहे, ॲक्ट सिक्स. तो २००२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा शहरात व्हिटवर्थ या ख्रिस्ती विद्यापीठाच्या सहकार्याने सुरू झाला. मूळ विचार साधा: शहरातल्या मुलांना एकेकटं आणू नका, आधी एकत्र तयारी करून घेऊन गटाने आणा आणि पूर्ण खर्चाची सोय करा. एकटं मूल पहिल्या थंडीत घरी परत जातं. दहा असली की त्यातली दोघं रडतात तेव्हा आठ जण जवळ असतात. एवढा पैसा तुमच्याकडे नसेल. मग निदान एकाच चर्चमधून किंवा एकाच हायस्कूलमधून तीन मुलं आणा, तीन गावांतून तीन नको.

खरी पळी मात्र नेमणुकांत आणि बोर्डात असते. ख्रिस्ती कॉलेजांना धर्माच्या आधारावर निवड करायची कायद्याने मुभा आहे, वंशाच्या आधारावर नाही. पण जिथे विश्वासकथनावर, म्हणजे कॉलेजच्या श्रद्धेच्या लेखी मांडणीवर, सहीच नव्हे तर अमुक पंथाचं सभासदत्वही लागतं, तिथे तो पंथच नव्वद टक्के गोरा असला की निकाल जाहिरातीतच लागलेला असतो. आमच्याकडे 'या पंथाचा सभासद' ही अट बदलून 'या विश्वासाशी सहमत' अशी करायला बोर्डाला तीन वर्षं लागली. पुढच्या भरतीत नायजेरियन अँग्लिकन बाई आल्या, ज्यांना विश्वासकथन आमच्यापेक्षा जास्त पाठ होतं. त्यामुळे तुमच्या आराखड्यात बाकी काही टिकलं नाही तरी ही एक अट टिकवा. त्या बदल्यात बाकीच्या दहा गोष्टी सोडाव्या लागल्या तरी सोडा. १९१० मध्ये जगातले दोन तृतीयांश ख्रिस्ती युरोपात होते, २०१० मध्ये जेमतेम एक चतुर्थांश. बोर्डात कोणी म्हणालं की अट सैल केली तर कॉलेजचं ख्रिस्तीपण पातळ होईल, तर हे आकडे त्यांच्यापुढे ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जून २०२३ च्या निकालानंतर प्रवेश देताना वंश हा निकष धरता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघीय शिक्षण खात्याने विविधतेच्या कार्यक्रमांवर कडक पत्र काढलं, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि बऱ्याच कॉलेजांनी घाबरून ऑफिसांची पाटी बदलली. पाटीसाठी भांडू नका. कुठल्या शहरांत प्रवेशाचा माणूस पाठवायचा, घरातून पहिल्यांदाच कॉलेजला येणाऱ्यांना काय मदत द्यायची, हे आजही तुमच्या हातात आहे, मदत सगळ्यांना खुली ठेवलीत म्हणजे झालं. बाकी वकिलाला विचारा, आणि तेही ईमेलवर.

एका बाबतीत सावध करतो, कारण ख्रिस्ती कॅम्पसवर याला वेगळंच वळण लागतं. कधी ना कधी कोणाच्या तरी दारावरच्या फळ्यावर घाणेरडा शब्द लिहिलेला सापडेल. आमच्याकडे सापडला तेव्हा दुसऱ्या दिवशी चॅपलमध्ये समेटाची प्रार्थनासभा ठेवली गेली, आणि जिच्या दारावर लिहिलं होतं त्या मुलीला विचारलं की तू क्षमेबद्दल दोन शब्द बोलशील का. तोपर्यंत कोणी लिहिलं याचा पत्ता नव्हता, चौकशी सुरूही झाली नव्हती. म्हणजे क्षमा कोणाला करायची हेच माहीत नाही, आणि ती मात्र लगेच हवी. ती मुलगी बोलली, सुंदर बोलली, सगळे रडले. मार्चमध्ये तिने दुसऱ्या कॉलेजात बदली घेतली. ती सभा ठरवणाऱ्या बैठकीत मी होतो आणि विरोध केला नव्हता.

त्यानंतर आम्ही क्रम ठरवून टाकला. आधी तिला विचारायचं, आज रात्री कुठे झोपायचंय? मग घरच्यांना फोन. मग चौकशी, आणि ती कोण करतंय त्याचं नाव चोवीस तासांत सगळ्यांना कळवायचं. अध्यक्षांनी स्वतःच्या नावाने काय घडलं ते सरळ शब्दांत लिहायचं, 'एक दुर्दैवी घटना' असं नाही. प्रार्थना हवीच, पण त्यात तक्रारदाराला व्यासपीठावर बोलवायचं नाही. हा क्रम आत्ताच, काही घडलेलं नसताना, लिहून मंजूर करून घ्या.

खाद्यमहोत्सवाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवणारच. करा, समोसे चांगले करा. फक्त त्या संध्याकाळसाठी जेवढे डॉलर मिळतात तेवढेच डायनिंग हॉलच्या रोजच्या जेवणासाठीही मागा. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स मुलांचा उपवास असतो बुधवारी आणि शुक्रवारी, प्राणिजन्य काही खात नाहीत, आणि ईस्टरपूर्वीचा लांब उपवास तर ५५ दिवसांचा. आमच्या हॉलमध्ये त्यांना वर्षभर पांढरा भात आणि सॅलड मिळत होतं. खानसामा भला माणूस होता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांचा ख्रिसमस ७ जानेवारीला असतो हेही कोणाला माहीत नव्हतं.

ख्रिसमसवरून आठवलं. आराखडा लिहायला बसण्याआधी या आठवड्यात एक करा. निवास विभागाकडे जा आणि विचारा की डिसेंबरच्या सुट्टीत डॉर्म बंद होतात तेव्हा कोणकोण विद्यार्थी घरी जाऊ शकत नाहीत, त्यांची यादी द्या. पहिल्या कॉलेजात मी ही यादी मागितली तेव्हा कळलं की अशी यादीच नाही. त्या वर्षी दोघं मुलं दोन आठवडे एका मित्राच्या गाडीत आणि बस स्टेशनवर झोपली होती, आणि ती दोघंही आमच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर होती.